राणीची बाग: सव्वाचार वर्षांची लेक, दीड वर्षाचा पोरगा आणि एकच दिवस. अनुभव सांगा

चिंगीची_आई

नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात नाशिकहून दादरला नणंदेकडे चाललोय. लेक सव्वाचार वर्षांची, पोरगा दीडचा. लेकीने कुठल्याशा कार्टूनमध्ये पेंग्विन पाहिल्यापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. आंघोळ झाली की पंचा पाठीवर टाकायचा, पाय फेंगडे करून हॉलभर चालायचं आणि मला म्हणायचं, "आई पेंग्विन, मासा दे." मी ताटातली भेंडी उचलून भरवते. तेवढीच भाजी पोटात जाते. या भेंडीच्या लोभापायी राणीच्या बागेत न्यायचं कबूल करून बसले आहे.

दोन-अडीच तासांत होतं का? बाबागाडी न्यावी की कडेवर? सोबत साबा (सासूबाई) आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. नवऱ्याचं म्हणणं, "एवढ्याशा पोरांना काय कळतंय, पाच वर्षांनी नेऊ." माझं मत उलटं आहे. तुमचे अनुभव लिहा, हा चर्चेचा धागा त्याला वाचायला देणार आहे.

विदूषक

नवरोबांना माझ्याकडून +१. (पळतो आता.)

भायखळाकर

जन्म, शाळा, लग्न सगळं बागेपासून दहा मिनिटांच्या आत झालंय, तेव्हा हक्काने लिहितो.

पहिली गोष्ट, बुधवारी जाऊ नका, बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर उघडी ठेवतात आणि मग गुरुवारी बंद. दर बुधवारी गेटसमोर एक तरी कुटुंब टोप्या, डबे, पाण्याच्या बाटल्या घेऊन उभं असतं आणि बाप फोनवर कुणाला तरी झापत असतो. आमच्याकडे त्यावरून वार कळतो.

साडेनऊला उघडते. उघडताना हजर राहा आणि सरळ पेंग्विनकडे जा. बाकीचे प्राणी कुठे जात नाहीत, पण पेंग्विनची रांग अकरानंतर मारुतीच्या शेपटासारखी वाढते. मे महिना, नाताळ, एक जानेवारी या दिवसांत तर विचारूच नका. तिकीट मोठ्यांना ५० रुपये, लहान मुलांना २५, आणि आई-वडील अधिक दोन मुलं असं कुटुंबाचं १००. ऑनलाइनही मिळतं. २०१७ पर्यंत मोठ्यांना ५ रुपये होते हो! तेव्हा आम्ही दुपारची डुलकी काढायला बागेत जायचो.

साबा आहेत तर लोकलचे जिने टाळा. दादर टीटीहून टॅक्सी करा, आंबेडकर रोडने सरळ बागेच्या दारात. लोकलनेच यायचं तर दादरपासून चौथं स्टेशन, भायखळा पूर्वेला उतरा. रविवार असेल तर मेगाब्लॉक बघून निघा.

अडीच तास पुरेत की नाही हे तुमच्या पोरांवर आहे. बाग पन्नासेक एकरांची आहे. माझा नातू एका मगरीपुढे पाऊण तास बसला होता, ती हलेल म्हणून. ती काही हलली नाही.

गुळपोळी

भायखळाकर, तो फोनवर झापणारा बाप आमच्याच घरातला असण्याची दाट शक्यता आहे. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि फोनच्या दुसऱ्या टोकाला मी होते. "तू बघितलं नव्हतंस का?" अहो, मी ऑफिसात, तुम्ही गेटवर, आणि बघायचं मी! मुलाला शेवटी रस्त्यापलीकडचं मांजर दाखवून "वाघाची मावशी" म्हणून परत आणलं. तो अजून सांगतो, मी झूमध्ये मांजर पाहिलं.

कात्रजचा_घाट

मुंबईत जाऊन पेंग्विन कशाला बघायचे म्हणतो मी. पुण्यात या. कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय १३० एकर आहे, त्यात तळंच ४२ एकरांचं. मोकळी हवा. सासूबाईंसाठी बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या. वाघ खंदकापलीकडे मोकळ्यावर, गजांमागे नाही.

विदूषक

@कात्रजचा_घाट, बुधवारी उघडं असतं का हो?

कात्रजचा_घाट

नाही. आमचंही बुधवारीच बंद असतं. पण ते नियमाने बंद असतं.

विदूषक

=)) पुणेकर सर, दंडवत घ्या.

मैसूरपाक

मराठी घर, मुक्काम मैसूर. आमच्याकडे मंगळवारी बंद, म्हणजे बुधवारचे उपाशी इकडे येऊ शकतात. मैसूरचं प्राणिसंग्रहालय १८९२ चं. राजाने सुरू केलेलं, जिराफ वगैरे सगळं आहे, आणि झाडांची सावली अशी की मे महिन्यातही फिरवतं. पण एक इशारा. वाट एका दिशेने जाते आणि तीन किलोमीटरच्या पुढे चालणं होतं. लहान पोरं पहिल्या किलोमीटरला माकडासारखी उड्या मारतात, दुसऱ्यात कडेवर, आणि तिसऱ्यात बापाच्या खांद्यावर झोपलेली. जिराफ बघितला का विचारलं तर आमच्या धाकटीला आठवतं ते बाबांचं टक्कल, वरून.

बाबागाडी न्याच. पोरगं बसलं नाही तरी सामान बसतं.

स्वरदा_क

वेगळा सूर लावते, हलके घ्या. मी माझ्या मुलाला प्राणिसंग्रहालयात नेत नाही. लहानपणी आमच्या गावातल्या बागेत एक अस्वल होतं. पिंजरा चार पावलं लांब. ते चार पावलं जायचं, मान एका बाजूला झटकायचं, वळायचं, चार पावलं परत. फरशीवर त्याच्या पंजांचा ओला पट्टा उमटायचा तो कायम त्याच जागी. लोक म्हणायचे, बघा कसं नाचतंय. मोठेपणी कळलं की ते नाचणं नव्हतं, बंदिवासात डोकं फिरल्याचं लक्षण होतं. मुंबईच्या घामट हवेत पेंग्विन ठेवण्यातही मला काही शहाणपण दिसत नाही. चार वर्षांच्या मुलाला आपण नेमकं काय शिकवतो? की आपल्याला बघायचंय म्हणून कुणालाही कोंडता येतं?

हे मा वै म (माझं वैयक्तिक मत).

पक्याभाऊ

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

वेताळटेकडी

स्वरदा, अस्वलाचं तुम्ही लिहिलंय ते शंभर टक्के खरं. तसे पिंजरे पूर्वी गावोगाव होते. १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं, मान्यता सक्तीची झाली आणि त्यातले कितीतरी बंद पडले. ते झालं ते उत्तमच.

पेंग्विनबद्दल मात्र थोडं सांगतो. सगळे पेंग्विन बर्फातले नसतात. राणीच्या बागेतले हम्बोल्ट जातीचे आहेत, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तो किनारा जवळजवळ वाळवंट आहे. शेजारून थंड प्रवाह वाहतो म्हणून मासळी भरपूर आणि म्हणून पेंग्विन. तिथे ते खडकाच्या कपारीत, नाहीतर जमिनीत बीळ उकरून घरटं करतात. बागेत काचेमागे १६ ते १८ अंशांत ठेवलेत, आपण बाहेर घाम पुसत बघतो. २०१६ साली सोलहून आठ आणले, त्यातला एक काही महिन्यांत दगावला. १५ ऑगस्ट २०१८ ला एक पिल्लू जन्मलं, भारतात जन्मलेलं पहिलं पेंग्विन. ते आठवडाभरच जगलं. पुढे मात्र पिल्लं झाली आणि तगली. तेव्हा तुमची शंका अगदी पोकळ नाही, पण "उकाड्यात मारतायत" हेही चित्र बरोबर नाही.

चिंगीच्या आई, "बर्फ कुठे आहे?" या प्रश्नाची तयारी करून जा. हमखास येतो.

स्वरदा_क

धन्यवाद, किनाऱ्याचं माहीत नव्हतं. तरी मुलाला नेणार नाही. एकदा मावशीबरोबर गेला होता, येऊन त्याने विचारलं, "त्यांची सुट्टी कधी असते?" मी म्हटलं बुधवारी. "मग ते बुधवारी घरी जातात?" याचं उत्तर मला देता आलेलं नाही. कुणाला जाऊ नका म्हणत नाही.

गुळपोळी

हे वाचून थोडा वेळ गप्प बसले. आणि मी इथे बुधवारचे विनोद करत होते.

निशिगंध

प्राण्यांवर एवढं बोलणं झालं, पण ती मुळात *बाग* आहे हे कुणीच म्हणत नाहीये! १८६२ साली लोकांसाठी उघडली तेव्हा व्हिक्टोरिया गार्डन, म्हणून राणीची बाग. आता नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, तरी तोंडात राणीच. आणि जिजाऊ काय कुणाच्या राणी नव्हत्या?

आत तीन हजारांवर झाडं आहेत. गोरखचिंच बघा. हत्तीच्या पायासारखं खोड, पोरांना मिठी मारायला सांगा, चौघांचे हात पुरत नाहीत. कैलासपतीला फुलं फांदीवर नाही, थेट खोडावर येतात, आणि फळं तोफगोळ्याएवढी, त्यामुळे खाली पोरांना बसवू नका. उन्हाळ्याच्या तोंडाला गेलात तर उर्वशी फुललेली मिळेल. लालगुलाबी झुंबरं लटकतात, प्रत्येकावर पिवळा ठिपका. २००७ च्या सुमाराला सगळ्या बागेचा कायापालट करायचा आराखडा आला होता, तेव्हा या झाडांसाठी मुंबईकरांनी मोहीम उभी केली. झाडं वाचली म्हणून दुपारी दीड वाजता तिथे लहान पोर घेऊन फिरता येतं. सासूबाईंना या झाडांखाली बसवा. त्यांच्याकडे पिशव्या द्या, त्या पोरं सांभाळण्यापेक्षा पिशव्या सांभाळायला खूश होतील.

सुमाताई_दादर

निशिगंध, मी सासू या वर्गातली आहे. पिशव्या सांभाळायला कुणीही खूश नसतं. बसायला मिळालं म्हणून हो म्हणतो.

आमच्या लहानपणी राणीच्या बागेत हत्तीवर बसवायचे. लाकडी चढण असायची, तिच्यावरून हौद्यात. मी साधारण सहा वर्षांची. हत्तीची कातडी सुकलेल्या नारळाच्या शेंडीसारखी टोचली ते आठवतंय, आणि वरून भावाची चप्पल पडली तेही. हत्तीने सोंडेने उचलून वर दिली असं भाऊ सांगतो. मला आठवतं त्याप्रमाणे माहुताने दिली. साठ वर्षं भांडण चालू आहे. आता स्वारी बंद झाली ते बरंच झालं म्हणा.

सूनबाई, सासूबाईंना आधीच विचारा की त्यांना काय बघायचंय. कुणी विचारत नाही.

भायखळाकर

सुमाताई, हत्तीवरून आठवलं. बागेशेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड म्युझियमबाहेर दगडी हत्ती उभा आहे, तो पोरांना दाखवाच. घारापुरीचा तो. या हत्तीवरूनच फिरंग्यांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. इंग्रजांनी इंग्लंडला न्यायला उचलला, तर साखळी तुटून तुकडे झाले. ते तुकडे इथे आणून १९१४ साली जोडले. आणि काळा घोडाही इथेच आहे! १९६५ ला फोर्टातून हलवला. वर एडवर्ड राजा बसलेला. पोरांना म्हणा, हे दोन प्राणी रांग न लावता बघता येतात.

नाना_न्यूजर्सी

इकडच्या ब्रॉंक्स झूचा अनुभव. २६५ एकर, १८९९ चं. योगायोग बघा, तुमच्याकडे बुधवारी बंद आणि इथे बुधवारी ठरावीक तिकिटं फुकट. ती आधीच ऑनलाइन पकडावी लागतात, तत्काळसारखी. फुकट म्हटल्यावर आम्ही तीन मराठी कुटुंबं, डब्यात धपाटे घेऊन गेलो. नात साडेतीनची. तिथे मेरी-गो-राउंड आहे, पण घोड्यांऐवजी किडे. नाकतोडा, भुंगा असले. नात नाकतोड्यावर बसली ती उतरेना. त्याला वेगळं तिकीट. सात फेऱ्या झाल्या. फुकटच्या झूत माझे जेवढे डॉलर गेले तेवढ्यात नाकतोडा विकत आला असता. वाघ? वाघ आम्ही बघितलाच नाही.

कात्रजचा_घाट

नाना, अवांतर आहे पण फेऱ्यांचा विषय निघालाच आहे तर पुण्याच्या पेशवे पार्कातली फुलराणी, पोरांची छोटी आगगाडी! १९५६ पासूनची. पूर्वी तिथेच प्राणिसंग्रहालय होतं, नंतर प्राणी कात्रजला गेले आणि गाडी मागे राहिली. मला प्राण्यांपेक्षा ती गाडीच जास्त आठवते. बोगद्यात सगळे ओरडायचे. मी वय वर्षं छप्पन्न, गेल्या वर्षी भाच्याला घेऊन गेलो, ओरडलो.

पक्याभाऊ

भाऊ, धागा कात्रजच्या बोगद्यातून बाहेर काढा. ताईंनी बाबागाडीचं विचारलं होतं.

वेताळटेकडी

बाबागाडी चालते, वाटा बऱ्याच सपाट आहेत. गर्दीत पेंग्विनच्या रांगेत मात्र कडेवर घ्या, खालून बाळाला फक्त लोकांचे गुडघे दिसतात.

अजून दोन गोष्टी. प्राण्यांना काही खायला घालू नका. वन्यजीव कायद्यात प्राणिसंग्रहालयात खायला घालणं, चिडवणं, आरडाओरडा करून त्रास देणं, कचरा टाकणं हे सगळे गुन्हे आहेत. आणि दुसरं, पाणघोडा काठावर येऊन पाठ फिरवायला लागला तर मागे सरका. शेण टाकताना तो शेपटी पंख्यासारखी फिरवतो. असं का करतो ते शास्त्रात आहे, पण ते मागे सरकल्यावर वाचा.

विदूषक

वेताळटेकडी यांचा प्रतिसाद स्वानुभवातून आलेला दिसतो.

वेताळटेकडी

पांढरा शर्ट होता.

चिंगीची_आई

सगळ्यांचे आभार. जाऊन आलो काल, गुरुवारी. (बुधवारी लेक दिवसभर विचारत होती, "आज ते घरी गेले असतील का?" स्वरदा, धागा मी मोठ्याने वाचत होते, चूक माझी.)

साडेनऊला गेटवर होतो. सरळ पेंग्विन. आत गार अंधार, काच, आणि काचेत लेकीचाच चेहरा. मग एक पेंग्विन पाण्यात सूर मारून तिच्या नाकासमोरून गेला. लेक गप्प. पोरगा किंचाळला, "बदक!" पहिला प्रश्न अर्थातच, "बर्फ कुठाय?" मी पेरूचा किनारा सांगायला लागले तर म्हणे, "पेरूच्या झाडाखाली?" हो म्हटलं.

मग तिने फ्रॉकच्या खिशात हात घातला आणि भेंडी काढली. नणंदेच्या ओट्यावरून सकाळी उचललेली, अख्खी, देठासकट. काचेला लावून उभी. "घे मासा." मागे रांग थांबलेली. माझ्या डोळ्यांसमोर वेताळटेकडींचा कायदा. काच होती म्हणून वाचलो. पेंग्विन मात्र खरंच आला, भेंडीकडे मान वाकडी करून एका डोळ्याने बघितलं आणि निघून गेला. हुबेहूब ती करते तसं. शेजारच्या आजी म्हणाल्या, "त्याला पण आवडत नाही वाटतं." भेंडी नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात गेली.

वाघ झोपलेला, कान फक्त दिसला. पक्ष्यांच्या मोठ्या जाळीच्या दालनात, जिथे आपण आत चालतो, तिथे पोरगा रमला. बाबागाडीत सामानच बसलं, मैसूरपाक यांचं खरं झालं. खारी बिस्किट बागेच्या कावळ्याने नेलं, माझ्या हातातून.

"काय कळतंय" म्हणणारा नवरा पाणघोड्यापुढे चाळीस मिनिटं होता. मी दोनदा बोलवायला गेले. "थांब, तो तोंड उघडेल." मगरवाल्या नातवाची आठवण झाली, भायखळाकर.

सुमाताई, तुमचं ऐकून साबांना विचारलं. म्हणाल्या, "काळा घोडा." लग्नानंतर पहिल्यांदा मुंबईत आल्या तेव्हा सासऱ्यांनी फोर्टात तो चौक दाखवला होता, घोडा मात्र नव्हताच तिथे. "नावालाच होता, मला वाटलं थापा मारतायत." काल त्या घोड्याखाली आम्ही त्यांचा फोटो काढला. गुडघे दुखत होते, तरी भोवती एक फेरी मारली. गोरखचिंचेखाली पण बसल्या. पिशव्या मी सांभाळल्या.

चार तास लागले. अडीच नाही.

सुमाताई_दादर

फोटोत तो घोडाही बरा आलाय ना? शाबास.

स्वरदा_क

छान लिहिलंस. मुलाला दगडी हत्ती दाखवायला नेईन म्हणते. तो बाहेरच आहे ना?

भायखळाकर

बाहेरच. कधीही या. बुधवारीसुद्धा लांबून दिसतो.

विदूषक

भेंडीचं पुढे काय झालं?

चिंगीची_आई

नवऱ्याच्या खिशातच विसरली. रात्री नणंदेला सापडली, तिने भाजीत चिरून टाकली. लेक जेवली नाही. ती पेंग्विनची आहे म्हणे.